डावी बैठक

"उतरा," केशवशास्त्री म्हणाले, "आणि बाजू बदला."

सगळा माळ आमच्याकडे बघत होता. हत्ती, घोडेस्वार, मानकरी, चोपदार, आपट्याच्या फांद्या खांद्यावर टाकून उभी असलेली माणसं, सगळी. मी उजवीकडच्या बैठकीवरून उतरले, हे डावीकडच्या. हे गाडीच्या मागून आले, मी पुढून गेले. मी डावीकडे बसले. गाडी वळवायचा दांडा माझ्या हाताशी आला.

सूर्य टेकडीला टेकला होता.

थांबा. पुढचं सांगायची मलाही घाई आहे, पण आधी गाडी सांगायला हवी. ती गाडी आता कुठंच राहिलेली नाही.

गाडी

आता घरोघरी सायकली झाल्यात. तेव्हा आमच्या हरणगड संस्थानात पायगाडी म्हणजे आक्रीत होतं. महाराज नुकते गादीवर आलेले, तरुण, शिकलेले, खेळाचं वेड. त्यांनी विलायतेहून पहिली पायगाडी आणवली ती एका चाकाची म्हणावी अशी. पुढचं चाक पुरुषभर उंच, मागचं ताटाएवढं. तिच्यावर चढायचं मागून, पळत पळत, आणि उतरायचं तर देवाचं नाव घेऊन. गावानं तिचं नाव ठेवलं 'उंट'. उंटावर बसायला जो तो घाबरे. बसले ते एकटे हे. गाडीखान्याचे कारखानीस होते. बग्ग्या, मेणे, घोडे, सगळं यांच्याकडे. रोज सकाळी उंटावरून गावाला फेरी मारायचे. बाया दारात येऊन बघायच्या आणि मला म्हणायच्या, "सुळेबाई, तुमचे यजमान आमच्या माडीत डोकावून गेले हो!"

सकाळीच का, असं कुणी विचारलं नाही.

मग आल्या जोडगाड्या. दोन. दोन माणसांनी शेजारी शेजारी बसायचं, झोपाळ्यावर बसल्यासारखं. दोन्ही अंगांना छातीएवढी चाकं, पुढं एक लहान चाक. पेडलं दोघांनीही मारायची. पण वळवायचा दांडा एकाच बैठकीला, डावीकडच्या. आणि ब्रेक उजवीकडच्या. म्हणजे डावीकडच्यानं न्यायचं, उजवीकडच्यानं आवरायचं. विलायतेत म्हणे ही गाडी नवरा-बायकोसाठी काढली होती.

रेल्वेच्या मोजणीवर आलेला हॉवर्थ म्हणून एक इंजिनियर तेव्हा संस्थानात राहत होता. त्यानं महाराजांच्या डोक्यात भरवलं की दसऱ्याला जोडगाड्यांची शर्यत लावू. एका गाडीवर तो आणि त्याची मडम. दुसरीवर संस्थानातलं एखादं जोडपं. दसऱ्याची स्वारी माळावर जाईल तेव्हा गाड्या स्वारीबरोबर जातील, आपट्याची पूजा झाली की तिथून शर्यत, ती राजवाड्याच्या दरवाजापर्यंत.

संस्थानातलं जोडपं म्हणजे कोण, हे सांगायला नको. राणीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "लाज वाटते का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "वाटते." त्या म्हणाल्या, "मग माझ्या वाटची पण घेऊन बस."

मला काय ठाऊक होतं

मला ठाऊक होतं की यांना दिवेलागणीनंतर दिसत नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाची वेळ अलीकडे अलीकडे येत गेली. आधी रात्री, मग दिवे लावल्यावर, मग उजेड आहे तोवर. कारण विचारलं तर, "पोट जड होतं." संध्याकाळी घरी येताना पूर्वी मधल्या वाटेनं यायचे, आता भिंतीच्या कडेनं यायला लागले, बोटं भिंतीवर. आणि एकदा अंगणात मी अगदी समोर उभी होते, हसत होते, आणि हे माझ्याकडे बघून म्हणाले, "कोण आहे?"

मी म्हटलं, "मी. कोण असणार?"

"तेच म्हटलं," म्हणाले आणि आत गेले.

मामंजींचं असंच झालं होतं. आधी संध्याकाळ गेली, मग हळूहळू दिवसही.

मी कुणाला बोलले नाही. केशवशास्त्र्यांच्या शास्त्रीणबाईंना आणि वैद्याला भावाचं नाव सांगून विचारलं. बकऱ्याचं काळीज द्या, शेवग्याचा पाला द्या. आम्ही कायस्थ, आम्हाला काळजाचं वावडं नाही. दर रविवारी काळीज रांधलं. हे मुकाट्यानं खायचे. कधी एका शब्दानं विचारलं नाही की हे काय रविवार लावलंयस.

यांच्या आधीचे कारखानीस एका संध्याकाळी बग्गी घेऊन निघाले आणि कोपऱ्यावर चाक दगडावर घातलं. आत थोरल्या राणीसाहेब होत्या. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यांची नजर कमी झालीय असा बोभाटा झाला आणि महिना सरायच्या आत त्यांचं सामान बैलगाडीत भरलेलं मी पाहिलं. त्याच घरात मग आम्ही राहायला आलो. गाडीखान्याचं घर होतं ते, कामाबरोबर येतं, कामाबरोबर जातं.

हे एक. आणि दुसरं, माळावरून राजवाड्याकडे येताना भैरोबाचा ओढा लागतो. त्याच्या पुलाला कठडा नव्हता.

शर्यत सूर्यास्ताला सुटणार होती.

बैठक कुणाची

हे दुपारी जेवायला आले तेव्हा हसत होते. दरबारात म्हणे वृद्ध मानकरी घोरपडे उठले आणि म्हणाले, "सरकार, सगळं खरं, पण बायको नवऱ्याच्या कुठल्या अंगाला बसणार?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! अर्धा दरबार म्हणाला डावीकडे, बायको ती वामांगी. अर्धा म्हणाला उजवीकडे, कन्यादानाला कुठं बसतात? साहेब विचारतो, काय चाललंय? सरकार म्हणाले, आम्ही दांडा कुणी धरायचा ते ठरवतोय."

"आणि ठरलं?"

"शास्त्रीबुवांना विचारायचंय. परवा सांगतील." मग ताटातला भात चिवडत म्हणाले, "आमटी वाढ."

मी वाढली. डोक्यात एकच चाललं होतं. शास्त्रीबुवा उजवीकडे म्हणाले तर दांडा यांच्या हाती. डावीकडे म्हणाले तर माझ्या. यांना तर हे सुचायचंच नाही, सुचलं तरी बोलायचे नाहीत. त्यापेक्षा ओढ्यात जातील. मलाही घेऊन.

दुसऱ्या दिवशी मी शास्त्र्यांच्या घरी गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून परसातला कोहळा न्यायचा ठरवला. वेलावर दोन धरले होते. बघते तो एकच. दुसऱ्याचा देठ कापलेला. शेजारच्या मथुराबाईंशी तिथंच माझं वाजलं. त्या शपथा घेत होत्या आणि मी ऐकत नव्हते.

शास्त्रीणबाई ओसरीवर वाती वळत होत्या. कोहळा बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"यंदा तुमच्याकडे कोहळ्यांचं पीक दांडगं दिसतंय!"

"एकच होता," मी म्हटलं. "दुसरा चोरीला गेला."

"असं का?" त्या म्हणाल्या आणि उगाच खोकल्या. "बस. काळीज-बिळीज विचारणार असशील तर आधीच सांग. मागच्या खेपेला तू गेल्यावर मी पुन्हा आंघोळ केली."

"नाही हो. बाजूचं विचारायचं होतं."

"भावाचे डोळे कसे आहेत?"

"तसेच."

त्यांनी एक वात वळली. दुसरी घेतली.

"हा तुझा भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "दसऱ्याला गाडीवर बसणार आहे वाटतं?"

मी खाली बघितलं. पदर डोळ्यांना लावला.

"रडू नको, वाती भिजतील. कुठली बाजू हवीय तुला?"

"डावी. येताना तरी डावी. जाताना ऊन असतं."

"येताना तरी," त्या म्हणाल्या. "बरं. सांगते मी यांना."

"ते ऐकतील?"

"लग्नापासून या घरात शास्त्र त्यांचं आणि निकाल माझा आहे. जा तू."

निकाल

सीमोल्लंघन हे धर्मकृत्य. धर्मकृत्यात पत्नी उजवीकडे. सबब, जाताना उजवीकडे.

शर्यत ही क्रीडा. क्रीडेत पत्नी डावीकडे. सबब, येताना डावीकडे.

पूजा आटोपल्यावर माळावर बाजू बदलावी.

महाराज म्हणे पोट धरून हसले. "आणि दांड्याचं काय, शास्त्रीबुवा?"

"दांड्याविषयी शास्त्रात काही नाही, सरकार."

गाडीखान्याचं आवार, सकाळची वेळ

"दांडा पिळू नको. वळव."

"वळवतेच आहे."

"गाडी भिंतीकडे चाललीय."

"भिंतच इकडं येतेय."

"पाय थांबव! अगं, पाय!"

"तुम्ही ब्रेक लावा ना! ब्रेक तुमच्याकडे आहे."

"लावला. आता बघ, दांड्याकडे बघू नको. जिथं जायचंय तिथं बघ. गाडी आपोआप तिकडे जाते."

"घोड्यासारखी?"

"घोड्याला अक्कल असते. हिच्यात तुझी घालायची."

"मग काही खरं नाही."

"चल. पुन्हा."

नऊवारीत कसोटा असल्यामुळे पाय मोकळे होते. पदर खोचला की काम झालं. पलीकडे हॉवर्थसाहेबाची मडम घागऱ्याला पट्टा बांधून पेडलं मारायची आणि दर फेरीला पट्टा सुटायचा. साहेब थांबून टोपी काढायचा आणि आम्हाला म्हणायचा, "सुळे, तुमचा बाई फार चांगला चालवते!" त्याची मराठी तशीच होती, सगळी माणसं एका लिंगातून दुसऱ्यात जायची.

आवारात फेऱ्या मारताना यांनी एक नवीनच काढलं. एका सकाळी पेडलं मारता मारता डोळे मिटून घेतले.

"सांग. पुढं काय आहे?"

"डोळे का मिटलेत?"

"पुढं काय आहे?"

"पिंप आहे पाण्याचं. अहो, डोळे उघडा!"

"डोळे दांड्याकडच्यानं ठेवायचे. उजवीकडच्यानं पाय आणि ब्रेक. विलायतेत असंच करतात." मग थोडं गेल्यावर, "लांब वाक्यं नकोत. वाक्य पुरं होईतो गाडी पुढं जाते. एकेक शब्द."

मग आम्ही शब्द ठरवले. खड्डा. बैल. माणूस. मोकळं. 'ब्रेक' म्हटलं की ब्रेक, 'जोर' म्हटलं की जोर. दसऱ्यापर्यंत रोज सकाळी आवारात हेच. हे डोळे मिटून, मी एकेक शब्द टाकत. शेवटी शेवटी मथुराबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "काय गं, नवऱ्याला बाराखडी शिकवतेस का?"

विलायतेत असंच करतात, यावर माझा विश्वास बसला होता. यांनी सांगितलं होतं.

उजवीकडून

जाताना ऊन होतं. स्वारीपुढं दोन्ही गाड्या. दांडा यांच्या हाती. हे ताठ बसलेले, पगडी, बंद गळ्याचा कोट. दुतर्फा माणसं. "ते बघा उंटवाले! आज बायकोला घेऊन निघाले!" मला कुठं बघावं कळेना म्हणून मी समोर बघत होते. पुलावरून गेलो तेव्हा मी खाली बघितलं. ओढ्याला पाणी होतं, आणि खडक.

हे सहज दांडा वळवत होते. किती सुरेख चालवायचे. माणसं म्हणत असतील, संस्थानात असा दुसरा नाही. मला मात्र राहून राहून वाटत होतं, हे सगळं आत्ता, एवढ्या उजेडापुरतं आहे.

डावीकडून

"उतरा आणि बाजू बदला."

इथवर सांगून झालंय. मी डावीकडे बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आता कारभारीण हाकणार!" आणि हशा झाला. हे हसले नाहीत. उजवीकडे बसून यांनी पाय पेडलांवर ठेवले आणि पुटपुटले, "एकेक शब्द."

तोफेचा बार झाला. आम्ही निघालो.

माळावरून उताराला गाडी आपोआप धावते. साहेब पुढं निघाला. त्याची धूळ आमच्या तोंडावर. सूर्य गेला होता, पण आकाश अजून तांबूस होतं आणि वाट मला स्पष्ट दिसत होती.

"मोकळं," मी म्हटलं. "मोकळं. खड्डा." गाडी वळवली. "मोकळं. जोर."

यांच्या पायांत काय जोर होता! माझी पेडलं नुसती त्यांच्या मागं फिरत होती.

"साहेब?"

"पुढं. दोन बैलगाड्या मावतील एवढा."

"गाठू," म्हणाले.

वाटेत परतणारी माणसं, बैलगाड्या. मी शब्द टाकत गेले. माणूस. बैल. मोकळं. साहेब जवळ येत होता. मडमेचा पट्टा सुटून घागरा फडफडत होता. एका क्षणी आमचं चाक त्यांच्या चाकाला लागेल एवढं आम्ही आलो. मला वाटलं, जिंकतोय की काय!

मग यांनी विचारलं, "पूल कुठं आहे?"

पूल समोर होता. पांढऱ्या दगडाचा, उजेड कमी झाला तसा आणखीच पांढरा. ज्या पुलावरून हे रोज उंट घेऊन जायचे तो पूल.

"समोर," मी म्हटलं.

"समोर म्हणजे किती?"

हा डोळे मिटून विचारलेला प्रश्न नव्हता. मी वळून बघितलं. यांचे डोळे टक्क उघडे होते.

"ब्रेक," मी म्हटलं.

यांनी ब्रेक लावला. साहेब निघून गेला, धडधड करत पूल ओलांडून पार. मी गाडी पुलाच्या मधोमध घातली आणि हळूच नेली. दोन्ही बाजूंना काही नव्हतं. खालून पाण्याचा आवाज येत होता.

"पुलावर आहोत," हे म्हणाले. "आवाज बदलला."

"हो."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शास्त्रीणबाईंकडे गेले होते."

"कशाला?"

"येताना मला डावीकडे बसवा म्हणून सांगायला."

हे हसायला लागले. असे हसले की पेडलं मारायची राहून गेली.

"हसताय काय?"

"कोहळा घेऊन गेली होतीस?"

"तुम्हाला कसं—"

"परसातले दोन. एक तू नेलास. दुसरा?"

माझ्या डोळ्यांपुढं मथुराबाई आल्या, शपथा घेत असलेल्या.

"तुम्ही?"

"तू विहिरीवर गेली होतीस तेव्हा. शास्त्रीबुवांना म्हटलं, येताना तिला डावीकडे बसवा. काय वाटेल ते कारण द्या." मग म्हणाले, "त्यांनी बरं कारण दिलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक नाही की मला ठाऊक आहे."

"दर रविवारी काळीज काय उगाच शिजतं?"

पूल संपला. गाडीचा आवाज पुन्हा मातीचा झाला. मी पुढं बघत होते, दांडा घट्ट धरला होता. रोज सकाळी आवारात डोळे मिटून बसणारे हे मला आता दिसत होते.

"मोकळं?" यांनी विचारलं.

"मोकळं."

"मग जोर."

आम्ही जोर मारला. साहेब गाठता आला नाही, पण फार मागंही राहिलो नाही.

गाडीबाहेर

राजवाड्याच्या दरवाजाशी मशाली होत्या. साहेब उतरून मडमेचा घागरा चाकातून सोडवत होता. महाराजांना हत्तीवरून उतरून आमच्यापर्यंत यायला वेळ लागला, तोवर आम्ही गाडीशी उभे. यांनी एक हात चाकावर ठेवला होता.

"सुळे!" महाराज म्हणाले. "हातची शर्यत घालवलीत! साहेब गाठला होतात म्हणे."

हॉवर्थ म्हणाला, "पुलाजवळ हळू झाली ते."

"पुलाला घाबरलात?"

यांनी काही म्हणायच्या आत घोरपडे म्हणाले, "सरकार, बाईमाणसाच्या हाती दांडा दिला की पुलाजवळ असंच व्हायचं. बापड्या सुळ्यांचा काय दोष!"

मोठा हशा झाला. मी खाली बघितलं. मला राग आला नाही. उलट वाटलं, बरं झालं. खापर माझ्यावर फुटलं म्हणजे यांच्यावर फुटणार नाही. घर राहील, उंट राहील, सकाळची फेरी राहील. रविवारी काळीज रांधत राहू.

"पुढच्या वर्षी," महाराज हसत म्हणाले, "शास्त्रीबुवांना आपण काशीला पाठवू. दांडा तुमच्याकडेच, सुळे. मग बघू साहेब कसा जिंकतो."

पुन्हा हशा.

"सरकार," हे म्हणाले, "दांडा माझ्या हातात असता तर आत्ता आम्ही दोघं ओढ्यात असतो."

विनोद समजून आणखी काही जण हसले.

"मला दिवेलागणीनंतर दिसत नाही," हे म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, बग्गी तयार आहे म्हणून सांगावं तसा. "आपण हसताय ते ऐकू येतंय. दिसत नाही. आज गाडी तिनं आणली. माझ्यासारख्या आंधळ्याला सांगत सांगत आणली. तिला कुणी हसू नये."

मशालींचा तेवढा फरफर आवाज येत राहिला.

"केव्हापासून?" महाराजांनी विचारलं.

"झाली काही वर्षं."

"आणि संध्याकाळची बग्गी?"

"जुंपतो मी. हातांनी कळतं. हाकायला दुसऱ्याला बसवतो."

दसऱ्याचं सोनं वाटायची वेळ झाली होती. महाराजांनी ताटातली आपट्याची पानं उचलून यांच्यापुढं धरली. हे तसेच उभे, हात चाकावर. पानं अगदी समोर होती. मी कोपरानं ढोसणार होते, पण महाराजांनीच यांचा हात धरला, उघडला आणि पानं तळव्यावर ठेवली.

"सकाळी या," म्हणाले. "सकाळी दिसतं ना?"

"स्वच्छ दिसतं, सरकार."

घर

दुसऱ्या दिवशी हे गेले ते ऊन चढल्यावर आले. पगडी खुंटीला अडकवली, ओसरीवर बसले.

"गाडीखाना गेला," म्हणाले.

"हं."

"सकाळच्या वेळी शाळेतल्या मोठ्या मुलांना पायगाडी शिकवायची. तेवढं काम ठेवलंय. घर दिवाळीनंतर सोडायचं."

मी परसाकडे बघितलं. वेल वाळायला लागला होता. मथुराबाईंची माफी मागायची होती, ती सकाळीच मागून आले होते. त्यांनी पातेलंभर आमसुलाचं सार दिलं आणि सुनावलं, "चोर घरातच असतो, बाई."

"मग तुम्ही हसताय कशाला?" मी यांना विचारलं.

"कुठं हसतोय?"

"हसताय."

"असेन," म्हणाले. आणि तिथंच, ओसरीवर, उपरण्याची उशी करून झोपले. दुपारी झोपायची यांना कधी सवय नव्हती. मी दोनदा येऊन बघून गेले. तोंड उघडं टाकून, पाय पसरून, पाहुण्याच्या घरी मुक्कामाला आल्यासारखे झोपले होते.

उठले तेव्हा दिवस मावळत आला होता. मी जेवायला घाई केली नाही. यांनीही केली नाही. अंधार झाला तशी मी समई लावली आणि कामाला लागले, धान्य निवडत बसले. हे आत आले. भिंतीवर हात होता, पण चोरून नव्हता.

"दिवा लावलास," म्हणाले.

"दिसतो?"

"ज्योत दिसते. तेवढीच. तिच्या आसपास काही नाही." पाटावर बसले. थोडा वेळ ज्योतीकडे बघत राहिले. "तू कुठं आहेस?"

इतक्या वर्षांच्या संसारात असं यांनी कधी विचारलं नव्हतं.

"इथं," मी म्हटलं.

आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली. जरा चुकली.

"नाही हो," मी म्हटलं, "अजून थोडं इकडं."